एक डोळा लेक्चरवर, एक स्कोअरवर

प्राजक्ती:
काल भाचा अभ्यासाला आला होता. लॅपटॉपवर लेक्चर दुप्पट वेगाने, कोपऱ्यात मॅचचा स्कोअर, मांडीवर फोन. दोन तासांनी म्हणतो, "मावशी, डोकं जड झालंय. काय ऐकलं ते मात्र विचारू नकोस." मला एकदम २०१७ आठवलं. एम. कॉम.चं शेवटचं वर्ष, जिओ फुकट, रोजचा एक जीबी वाया कसा घालवायचा? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सहा तास खुर्ची अडवायची आणि वहीत दीड पान. दमणूक मात्र खरी हो, जेवायचंही सुचायचं नाही. लिहा तुमचंही.

टवाळ_कार्टं:
आमच्या ग्रुपचं नाव 'फक्त अभ्यास'. रोज दोनशे मेसेज. नोट्स एकदाच आल्या, त्याही मागच्या वर्षीच्या.

खडूफळा:
मी शिकवते. २०२०मध्ये ऑनलाइन तास संपवून मी चहा करून आले, तरी चौदा जण 'हजर'. तास संपलाय हेच कळलं नव्हतं. नंतर एक मुलगी म्हणाली, मॅडम, तीन खिडक्या उघड्या होत्या, तुम्ही चौथीत. हसावं की रडावं!

अर्धवटराव:
स्टॅनफर्डचा २००९चा ओफिर, नास, वॅग्नर यांचा पेपर बघा. चार माध्यमं एकदम हाताळणारे एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारण्यात तरी पटाईत असतील असं वाटलेलं. तिथेच ते मागे पडले. नको ते बाजूला सारणं जमेना.

खडूफळा:
@अर्धवटराव, पण फोनमुळे लक्ष गेलं की लक्ष नव्हतंच म्हणून फोन, ते कुठे कळतं त्यातून?

अर्धवटराव:
नाही कळत. नंतरच्या प्रयोगांत फरकही इतका ठळक आला नाही. सविस्तर रात्री लिहितो, कुकर लावलाय.

सांजवात:
मी साधा बटणांचा फोन घेतला होता, स्मार्टफोन कपाटात. पहिल्या दिवशी नुसते हात शिवशिवत होते. दुसऱ्या दिवशी सलग चाळीस पानं वाचली, आठवलीसुद्धा! तिसऱ्या दिवशी मेसच्या काकूंनी पैसे फोनवरच मागितले. संपलं.

टवाळ_कार्टं:
कुठली मेस? रविवारी फीस्ट असायची का?

निशाचर२२:
बारा दिवसांवर पेपर आहे. रात्री वाचवत नाही, झोपही येत नाही. तीच ओळ पाच वेळा वाचतोय.

प्राजक्ती:
@निशाचर२२, अरे, आधी झोप. फोन स्वयंपाकघरात ठेव आणि आडवा हो.

निशाचर२२:
हो ताई. गजर फोनवरच लागतो पण.

सांजवात:
@टवाळ_कार्टं, नारायण पेठ. असायची की! पण गुलाबजाम मोजून दोन.