सिंगल-ए मधला १९ वर्षांचा सेंटर फील्डर : आकडे कसे वाचायचे?

चेंडूफळी

जाणकारांनी प्रकाश टाकावा. बेसबॉलच्या मायनर लीगमधल्या (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए) कोवळ्या बॅटरचे आकडे समोर आले की कुठला आधी वाचायचा आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा, यात दरवेळी गोंधळ होतो. चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एक काल्पनिक पोरगा घेऊ.

फ्लोरिडा स्टेट लीग (सिंगल-ए), वय १९, हायस्कूलमधून ड्राफ्ट झालेला, उजव्या हाताने खेळणारा सेंटर फील्डर (आउटफिल्डच्या मधोमध उभा राहणारा). ४६० प्लेट अपिअरन्स (बॅटिंगच्या एकूण पाळ्या), ३९७ ॲट-बॅट (त्यातून वॉक वगैरे वगळून), ९८ हिट्स (फटका मारून बेस गाठणं). सरासरी (हिट्स भागिले ॲट-बॅट) .२४७, ऑन-बेस (हिट, वॉक धरून बेसवर पोचण्याचं प्रमाण) .३४३, स्लगिंग (दर ॲट-बॅटमागे फटक्यांतून मिळालेले बेस) .४०६. ११ होमर (कुंपणापार फटके), ५५ वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकटचा पहिला बेस), १२९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). ४८ प्रयत्नांत ४१ बेस चोरले (फटक्याशिवाय पळून पुढचा बेस गाठला).

सरासरीवर नजर गेली की माणूस पान उलटतो. पण वॉक १२ टक्के आहेत आणि बेस चोरण्यात यश ८५ टक्के. उलट बाजूला २८ टक्के स्ट्राइकआउट, म्हणजे चारातून एकदाहून जास्त वेळा हात हलवत परत. होतकरूंच्या यादीत याला किती वर धरायचा? आणि मैदानात जाऊन बघायचा तर काय बघायचं? होमर सोडून सांगा, ते सगळ्यांनाच दिसतात.

डावखुरा

सरासरी सगळ्यात शेवटी वाचा. आधी वय, तेही लीगच्या वयाला लावून. सिंगल-एचं सरासरी वय ढोबळमानाने २१, हाय-ए २२ च्या पुढे, डबल-ए २३-२४, ट्रिपल-ए २६ च्या घरात. तुमचा पोरगा समोर चेंडू टाकणाऱ्या पिचरपेक्षा दोनेक वर्षांनी लहान आहे, आणि त्यातले बरेच पिचर कॉलेज करून आलेत. हेच आकडे २३ वर्षांच्या बॅटरचे असते तर धागा काढायची गरजच नव्हती.

मग लीग. फ्लोरिडा स्टेट लीग पिचरला धार्जिणी आहे. टॅम्पा, क्लिअरवॉटर, लेकलंड, डनीडिन ही सगळी मेजर लीग संघांच्या स्प्रिंग ट्रेनिंगची (हंगामाआधीच्या सरावाची) मैदानं, कुंपणं लांब. उलट ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बुकर्क पाच हजार फुटांवर, रीनो साडेचार हजारांवर. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) वळायला कुरकुरतो. रणजीतलं पाटा खेळपट्टीवरचं द्विशतक आपण मनातल्या मनात थोडं कापून वाचतो ना, तसंच तिथले होमर कापून वाचायचे. इथले ११ उलट वाढवून.

आता नमुना पुरेसा आहे का? स्ट्राइकआउटचं प्रमाण ६० च्या आसपास प्लेट अपिअरन्स झाल्या की बोलायला लागतं, वॉकचं १२० च्या आसपास. ४६० मध्ये दोन्ही पक्के धरा. सरासरी मात्र या नमुन्यात पक्की होत नाही. हिशेब करून बघा: ९८ हिट्समधून ११ होमर गेले, उरले ८७. बॅटला लागून मैदानात राहिलेले चेंडू (३९७ वजा १२९ वजा ११, अधिक ३ सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे झेल जाऊनही धाव मिळवून देणारे फटके, धरू) २६०. म्हणजे मैदानात राहिलेल्या चेंडूंवरची सरासरी .३३५. मेजर लीगमध्ये हा आकडा .३०० च्या आगेमागे असतो. वेगवान पोरं इन्फिल्ड हिट्स काढतात आणि खालच्या पातळीवर फील्डिंगही भोकं पडलेली, त्यामुळे .३३५ ही निव्वळ लॉटरी नव्हे. पण तो .३०० वर आला तर हिट्स ८९ आणि सरासरी .२२४. थोडक्यात, नशीब आणि पाय दोन्ही मदतीला असून .२४७ आलीय.

म्हणून खरा तपास चेंडू बॅटला लागतो का याचा. तुमचं नशीब की लीग फ्लोरिडाची निवडलीत: तिथले आणि ट्रिपल-एचे स्टॅटकास्ट (कॅमेऱ्यांनी मोजलेले) आकडे बेसबॉल सॅव्हंट या साइटवर खुले आहेत. मधल्या दोन पातळ्यांचे नाहीत. तीन गोष्टी काढा.

स्ट्राइक झोनमधल्या (प्लेटवरून, गुडघा ते छातीदरम्यान येणाऱ्या) चेंडूवर बॅट फिरवली तर किती वेळा लागते? मेजर लीगची सरासरी ८२ ते ८५ टक्के. या पोराचा आकडा ८० च्या वर असेल तर त्याचे स्ट्राइकआउट बव्हंशी लांबलेल्या काउंटमधून (बॉल-स्ट्राइकच्या मोजणीतून) येताहेत: चेंडू सोडत राहतो आणि तिसरा स्ट्राइक बघत उभा राहतो. हे सुधारतं. ७५ च्या खाली असेल तर स्विंगमध्येच भोक आहे आणि डबल-एमध्ये ते भगदाड होईल.

झोनबाहेरच्या चेंडूमागे किती धावतो? मेजर लीगमध्ये २८ ते ३० टक्के. हा आकडा न बघता १२ टक्के वॉकवर खूश होऊ नका. सिंगल-एच्या निम्म्या पिचरना स्वतःलाच झोन सापडत नसतो. नुसतं खांद्यावर बॅट ठेवून उभं राहिलं तरी वॉक मिळतात.

तिसरा, एक्झिट व्हेलॉसिटी (बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग). सरासरी नको, वरच्या दहा टक्क्यांची सीमारेषा बघा. सरासरीत बंट (बॅट नुसती टेकवणं) आणि खुरडलेले ग्राउंडर (जमिनीवरून गेलेले फटके) मिसळतात. मेजर लीगच्या सर्वसाधारण बॅटरची ही रेषा ताशी १०३-१०४ मैलांवर (१६६ किमीच्या पुढेमागे) असते. १९ व्या वर्षी १०२ दिसली तर अंग भरल्यावर ताकद येणार असं समजायला हरकत नाही. ९८ असेल तर ११ होमर म्हणजे फाउल पोलजवळून (हद्दीच्या कडेच्या खांबाजवळून) सटकलेले असावेत.

तिसरा_बेस

वरच्या प्रतिसादाला +१. मैदानातलं सांगतो.

जागा आधी. बॅटरची छाती ज्या बाजूला, त्या बाजूला बसा. उजव्या हाताच्या बॅटरसाठी पहिल्या बेसच्या बाजूला, डावखुऱ्यासाठी तिसऱ्या. होम प्लेटच्या मागे बसलात तर पिच (टाकलेले चेंडू) छान दिसतात पण हात आणि कंबर झाकली जाते. सामना सुरू व्हायच्या आधीच्या बॅटिंग प्रॅक्टिसवर फार जाऊ नका. ताशी ६० मैलांच्या सरळ चेंडूवर सगळेच दांडगे दिसतात.

सामन्यात त्याने मारलेल्या चेंडूंपेक्षा सोडलेले चेंडू बघा. एक बॉल, दोन स्ट्राइक, आणि उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) बाहेर, गुडघ्याखाली. पुढचा पाय पडल्यावर हात मागे थांबतात का? थांबले तर तो फाउल (हद्दीबाहेर फटका) तरी करेल किंवा सोडून देईल. पुढचा खांदा आधीच तिसऱ्या बेसकडे उघडला असेल तर बॅट चेंडूवरून फिरते आणि गुडघा जवळपास जमिनीला टेकतो. हे एका रात्रीत तीनदा दिसलं की वहीत लिहा. एकदा दिसलं तर सोडून द्या, चांगल्या स्लायडरवर सगळ्यांचंच होतं.

वेगासाठी मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज आला की सुरू, पाय पहिल्या बेसला लागला की बंद. उजव्या बॅटरसाठी ४.३ सेकंद म्हणजे मेजर लीगची सरासरी, ४.२ चांगला, ४.१ फार चांगला, ४.० दुर्मीळ. डावखुऱ्याला बेस जवळ, म्हणून प्रत्येकातून ०.१ वजा. बंटवर आणि मारता मारताच पळत सुटलेल्या स्विंगवर घड्याळ लावू नका, खोटे आकडे येतात. सरळ पिचरच्या हातात गेलेल्या ग्राउंडरवर अर्धी पोरं ढिली पडतात, तोही वेळ खोटा. एका खेळाडूचे किमान चार-पाच वेळ घ्या आणि त्यातले उत्तम दोन धरा.

आता त्या ४१ बेसांचं. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून कॅचरच्या (प्लेटमागे झेलणाऱ्याच्या) मिटमध्ये, म्हणजे ग्लोव्हमध्ये, चेंडू पडेपर्यंत चांगला पिचर १.३ सेकंद घेतो. मिटपासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हपर्यंत कॅचर २.० घेतो. एकूण ३.३, आणि धावणाऱ्याला तेवढ्यात पोचायचं असतं. सिंगल-एमध्ये पिचर सर्रास १.५ घेतात आणि कॅचरचा थ्रो बेसपासून एक हात लांब. म्हणजे पाव सेकंद आयता मिळतो. त्यात मेजर लीगने २०२३ पासून बेस १५ चे १८ इंच केले आणि पिचरला बेसवरच्या धावपटूसाठी पायाखालच्या फळीवरून दोनदाच पाय काढता येतो. हे प्रयोग मायनर लीगमध्ये आधीच होऊन गेलेत. म्हणून चोरलेल्या बेसांचा आकडा बाजूला ठेवा, घड्याळ आणि यशाचं प्रमाण धरा. ८५ टक्के खरोखर चांगलं आहे.

(अवांतर : मायकेल जॉर्डनने १९९४ मध्ये डबल-एच्या बर्मिंगहॅम बॅरन्सकडून ३० बेस चोरले, कौतुक तेवढंच होतं. १८ वेळा बादही झाला, हे कोणी सांगत नाही. प्रयत्न तेच ४८. आणि वय ३१.)

सेंटर फील्डमध्ये चेंडू हवेत गेल्यावर त्याच्याकडे बघणं बंद करा, फील्डरकडे बघा. आवाजाबरोबर पहिलं पाऊल कुठल्या दिशेला? डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूवर पहिलं पाऊल पुढे पडलं तर अंदाज कच्चा. एरर (फील्डिंगमधल्या चुका) मोजू नका. ज्याच्याकडे पोचण्याचे पाय आहेत त्याच्याच हातून एरर जास्त होतात.

न्यू जर्सीतल्या मंडळींना ब्रिजवॉटरला हे सगळं घराजवळच आहे. सॉमरसेट पेट्रियट्स म्हणजे यँकीजचा डबल-ए संघ, बालाजी मंदिराच्याच गावात. लेकवुडचे ब्लूक्लॉज फिलीजचे, हाय-ए. दोन्हीकडे पहिल्या बेसच्या ओळीत बसायला फार पैसे पडत नाहीत.

हिशेबनीस

डावखुरा यांचं बहुतेक पटलं, पण स्ट्राइकआउटबद्दल ते जरा मवाळ वाटले. २८ टक्के कोणासाठी चालतील, हे ताकदीवर ठरतं. यँकीजचा ॲरन जज २०१६ मध्ये मेजर लीगमध्ये वर आला तेव्हा ९५ प्लेट अपिअरन्समध्ये ४२ स्ट्राइकआउट, सरासरी .१७९. पुढच्या वर्षी ५२ होमर, आणि तेव्हाही २०८ स्ट्राइकआउट होतेच. तिथे सौदा परवडतो. तुमच्या सेंटर फील्डरची स्लगिंग वजा सरासरी .१५९ आहे. एवढ्या ताकदीत तो सौदा परवडत नाही.

स्काउटिंगची २० ते ८० ची मोजपट्टी लावू. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, दर १० म्हणजे एक प्रमाण विचलन. सिंगल-एची सरासरी नव्हे; इथेच नवखे चुकतात आणि सगळ्यांना ६० वाटतात. दोन आकडे लिहायचे: आज किती, पुढे किती. बॅट लागणं ३०/४५. ताकद ३५/५०. वेग ६०. फील्डिंग ४५/५५. आर्म (थ्रोची ताकद) ५०. वेगाला एकच आकडा, कारण तो वयाबरोबर घटतोच. पंचविशीत अंग भरलं की ६० चे ५५ होतात.

आता या पाचांची बेरीज करून भागाकार करणारे करतात, पण तो चुकीचा आहे. बाकी चार गुण बॅटच्या दाराबाहेर ताटकळत उभे असतात. बॅट ४५ ला पोचली तर रोज खेळणारा सेंटर फील्डर. ४० ला थांबली तर चौथा आउटफिल्डर: शेवटच्या इनिंगला बदली धावपटू, डावखुऱ्या पिचरसमोर सुरुवात. ३५ ला अडकली तर ट्रिपल-ए आणि विमानतळ यांच्यात वर्षं जातात. आणि सेंटर फील्ड सुटून लेफ्टला गेला तर हीच बॅट एक पायरी खाली मोजली जाईल, कारण लेफ्ट फील्डकडून सगळे धावांची अपेक्षा करतात.

चेंडूफळी

मस्त. मग सोडून कधी द्यायचं? आणि पिचर असता तर यातलं काय बदललं असतं?

हिशेबनीस

माझा निकष: पुढच्या वर्षी हाय-एमध्ये पहिल्या १५० प्लेट अपिअरन्सकडे दुर्लक्ष करा. एप्रिलमध्ये मिडवेस्ट किंवा नॉर्थवेस्टला थंडीने बोटं आखडतात आणि आतल्या चेंडूवर बॅट लागली की हात झणझणतात. जूननंतर स्ट्राइकआउट २५ च्या आसपास आले तर वर सरकवा. २१ व्या वर्षी डबल-एमध्ये ३० च्या वर गेले तर भाव पडायच्या आत विका. डबल-ए हीच खरी चाळण: तिथले पिचर २-० वरही (दोन बॉल, शून्य स्ट्राइक) चेंजअप (फसवा संथ चेंडू) टाकतात. ट्रिपल-एमध्ये वॉक वाढलेले दिसले तर तिथल्या यांत्रिक स्ट्राइक झोनचा (पंचाच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागता येते) हात आहे का तपासा.

क्लबचं घड्याळही बघा. १८ किंवा कमी वयात करार झालेला पोरगा पाच हंगामांनंतर क्लबच्या ४० जणांच्या मुख्य यादीत नसेल तर रूल ५ ड्राफ्टला खुला होतो, म्हणजे दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. १९ किंवा जास्त वयाचा चार हंगामांनंतर. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात क्लब घाईने बढती देतात, तेव्हा बढतीचा अर्थ कौतुक असाच काढू नका.

डावखुरा

पिचरबद्दल थोडक्यात. ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) सोडा. स्ट्राइकआउटच्या टक्क्यातून वॉकचा टक्का वजा करा, तो आकडा वयाला लावून वाचा. मेजर लीगची फास्टबॉल सरासरी ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे. पहिल्या इनिंगला ९५ आणि पाचव्या इनिंगला ९१ असेल तर तो रिलीव्हर (सामन्यात मधेच थोडा वेळ आणला जाणारा पिचर). तिसऱ्या प्रकारची पिच नसेल तरीही रिलीव्हर, कारण तीच बॅटरांची फळी तिसऱ्यांदा समोर आली की दोन पिच ओळखीच्या होतात. चेंजअप टाकताना हाताचा वेग कमी होतो का हे उघड्या डोळ्यांनी दिसतं, त्याला रडार गन लागत नाही.

आणि नुसत्या वेगावर भाळू नका. २००८ मध्ये भारतात झालेल्या चेंडूफेक स्पर्धेतून भालाफेकपटू रिंकू सिंग ताशी ८७ मैलांच्या जोरावर निवडला गेला, मेजर लीगच्या पायरेट्सने करार केला, तो सिंगल-एपर्यंत पोचलाही. बेसबॉल हातात कसा धरायचा इथून सुरुवात करून! पण त्या पातळीवर ८७ चा वेग पुरत नाही, कारण बाकीचे पिचर त्याहून जोरात टाकतात. बाकी सगळं चेंडू कुठे पडतो यावर.

तिसरा_बेस

पिचर बघायचा असेल तर जागा बदला. होम प्लेटच्या मागे, जरा वर. तिथून कॅचरचं मिट किती हलतं ते मोजा. बाहेरच्या कोपऱ्यावर मिट लावलंय आणि चेंडू आत आला, तर स्ट्राइक पुकारला गेला तरी तुमच्या वहीत तो चुकलेलाच.