थर्टी फर्स्टला बिर्याणीऐवजी पोपटी, जमेल का?

घाटावरची
नमस्कार मंडळी. यंदा थर्टी फर्स्टला आमचा कॉलेजचा ग्रुप मुळशीजवळ एका मित्राच्या शेतावर जमतोय, 12 मोठे आणि वर पोरंटोरं. दर वर्षी तेच, कोणीतरी बिर्याणीची हंडी मागवतं नाहीतर पनीर टिक्का-चिकन टिक्का शेगडीवर, आणि अकरा वाजेपर्यंत सगळे सुस्त. या वेळी जेवण माझ्याकडे आहे आणि माझ्या डोक्यात पोपटी बसलीये, म्हणजे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या रानपाल्यासकट मडक्यात भरून जाळात भाजतात तो कोकणातला प्रकार. एकदाच खाल्लीये, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांच्या गावी, अलिबागच्या पुढे. ते मडकं उघडल्यावर जो वास आला तो अजून नाकात आहे, पण करताना काही बघितलं नाही, आम्ही पोचलो तेव्हा जाळ संपत आला होता.

प्रश्न असे की मुख्य जेवण म्हणून हे पुरतं का, की नुसतं चटकमटक होतं? भांबुर्ड्याचा पाला इकडे मिळेल का, नाही मिळाला तर काय? ग्रुपमधले चार जण शाकाहारी आहेत, त्यातली एक अंडंही खात नाही. आणि एक नागपूरची मैत्रीण आहे तिला मी सांगितलं तर म्हणाली शेंगा उकडून देणार आणि त्याला पार्टी म्हणणार का :) म्हणजे इज्जतीचा सवाल आहे. अनुभवी लोकांनी नीट सांगा प्लीज.

बांधावरचा_पेणकर
ताई, नक्की करा, पण आधी एक वाईट बातमी. 31 डिसेंबर ही पोपटीसाठी जरा घाईची तारीख आहे. आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, पाणीबिणी काही देत नाहीत, त्यामुळे पाऊस कधी गेला त्यावर शेंग कधी भरणार ते ठरतं. कधी डिसेंबरअखेर मस्त भरलेल्या असतात, कधी नुसती चपटी साल. खरी मजा जानेवारीत. 26 जानेवारीला केलीत तर डोळे झाकून हो म्हणेन. 31लाच करायची असेल तर शेंगा आठवडाभर आधी एकदा बघून या, हाताला दाणा लागला पाहिजे पण साल हिरवीच पाहिजे, पिवळी पडलेली नको.

आता पद्धत सांगतो, आमच्या घरची, दुसऱ्या गावात वेगळी असेल.

मडकं जुनं वापरलेलं असेल तर उत्तम. नवं असेल तर रात्रभर पाण्यात ठेवा आणि बोटाने टिचकी मारून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर तडा आहे, ते घेऊ नका. रंग दिलेलं शोभेचं मडकं अजिबात नको. तोंड फार मोठं नको, नाहीतर पाला धरून राहत नाही आणि उलटं करताना सगळं बाहेर.

तळाला भांबुर्ड्याचा जाड थर, दाबून. मग शेंगा. शेंगा धुऊन निथळून जाडं मीठ आणि ओवा चोळून ठेवायच्या, मोडायच्या नाहीत, शिरा काढायच्या नाहीत. मग थोडे बटाटे, रताळी, कोनफळ मिळालं तर सोन्याहून पिवळं. मग चिकनची पुडी केळीच्या पानात बांधलेली, परत शेंगा, मग अंडी, वर परत शेंगा आणि शेवटी तोंडाला भांबुर्डा ठासून बोळा. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. पाला आणि शेंग यांच्याच ओलाव्यावर सगळं शिजतं, आणि लोकांना नेमका याच गोष्टीवर विश्वास बसत नाही, कोणीतरी हळूच वाटीभर पाणी ओततंच आणि मग उकडलेल्या शेंगा मिळतात (तुमची नागपूरची मैत्रीण म्हणते तशा).

मडकं जमिनीवर उपडं घालायचं. हे लक्षात ठेवून भरा, कारण जाळ वरून आणि बाजूंनी लागतो, तोंड मातीला टेकलेलं असतं म्हणून तिथे धग सगळ्यात कमी. तुम्ही जे आधी भराल ते वर जाऊन जास्त भाजणार, शेवटी भराल ते बेताने. म्हणून अंडी तोंडाकडे आणि चिकन मधोमध. भोवतीने काटक्या, गोवऱ्या, सुक्या झावळ्या, वरून पेंढा, मडकं दिसता कामा नये इतकं झाकायचं आणि पेटवायचं. अर्धा ते पाऊण तास. मधे जाळ एका बाजूला बसला तर तिकडे काटक्या सारायच्या. झालं का बघायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा, चर्र करून लगेच उडून गेलं की काढा. शिवाय वास सांगतोच, आमचे काका खुर्चीवरून न उठता सांगायचे झाली म्हणून.

काढताना ओलं गोणपाट घेऊन दोघांनी धरायचं. तापलेलं मडकं फार नाजूक, त्याच्यावर गार पाणी ओतू नका, शिपका म्हणजे शिपकाच.

रातराणी७
वा पेणकर, तोंडाला पाणी सुटलं. फक्त चिकनवर माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे आजीच्या वेळी पोपटी म्हणजे शेंगा, कंद आणि फार तर अंडी, बास. आता रिसॉर्टवाल्यांनी चिकन पोपटी करून करून असं केलंय की लोक पुडी फोडून चिकन खातात आणि शेंगा तशाच टाकतात, ज्यासाठी एवढा उपद्व्याप केला तेच उकिरड्यावर. ताई तुम्हाला चिकन हवंच असेल तर वेगळं भाजा आणि मडकं शेंगांचं राहू द्या.

बांधावरचा_पेणकर
@रातराणी७ अहो रिसॉर्टचा काय संबंध, आमच्या आळीत गावठी कोंबडी घालून करतात ते मी लहान असल्यापासून बघतोय. पण शेंगा टाकून देतात हे खरं आहे, बघून जीव जळतो.

तळ्यात_मळ्यात
शाकाहारी लोकांसाठी सांगते. पुडी बांधली तरी चिकनचं पाणी गळतं आणि मडकं उपडं असल्यामुळे ते खालच्या शेंगांमधून झिरपत तोंडाच्या पाल्यापर्यंत जातं. म्हणजे "आम्ही फक्त शेंगा खाऊ" हे चालणार नाही, दोन मडकी लागणारच. आमच्या सोसायटीच्या पिकनिकला यावरून एक काकू दिवसभर उपाशी बसल्या होत्या. शाकाहारी मडक्यात छोटी वांगी (देठ ठेवून, चार चिरा देऊन ओलं खोबरं-लसूण-मिरचीचं वाटण भरून), मक्याची कणसं, अख्खे छोटे कांदे असं घाला, ते मडकं आधी संपतं, सांगून ठेवते. शाकाहारी मडकं कुठलं ते खडूने लिहा नाहीतर अंधारात गोंधळ.

आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणी मार्गशीर्ष पाळत असेल तर कॅलेंडर बघून घ्या, कधीकधी थर्टी फर्स्ट त्यातच येतो आणि नेमका गुरुवार निघतो.

घाटावरची
बापरे किती छान माहिती, सगळ्यांना मनापासून थँक्यू. तारीख बदलणं शक्य नाही हो पेणकर, दोघं बाहेरगावहून येतायत त्यांची तिकिटं झालीयेत. दोन मडकी पक्की. आता पाल्याचं सांगा ना, मंडईत विचारलं तर भाजीवाल्या मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गवतच मागतेय. आणि शेंगा इकडे पावटा म्हणून मिळतात त्या चालतील?

रानोमाळ
गवतच आहे ते ताई :) भांबुर्डा कोणी लावत नाही, विकायलाही नसतो, पडीक रानात, बांधावर, भात निघालेल्या खाचरात आपोआप येतो. वनस्पतीशास्त्रातलं नाव ब्लूमिया लॅसेरा. पानं मऊ, लव असलेली, आणि चुरडलं की कापरासारखा उग्र वास येतो. नुसता वास घेऊन वाटतं हे जेवणात कसं घालणार, पण शिजल्यावर तो उग्रपणा जातो आणि शेंगेला एक वेगळीच चव उतरते. फोटो बघून स्वतः उपटायला जाऊ नका, रानात सारख्या दिसणाऱ्या बऱ्याच वनस्पती असतात आणि हे पोटात जाणाऱ्या अन्नाला चिकटून शिजणार आहे. मित्राच्या शेतावर जे कोणी राखणीला असतील त्यांना विचारा, गावातल्या माणसाला दाखवून घ्या, खात्री नसेल तर सोडून द्या. सोप्पं म्हणजे कोकणातून कोणी येणार असेल त्याला गोणीभर आणायला सांगा, ओल्या फडक्यात एक दिवस टिकतो.

नाहीच मिळाला तर केळीची पानं आणि त्यात ओव्याची पानं. चव तीच येणार नाही पण ओलावा धरून ठेवायचं काम होतं.

बांधावरचा_पेणकर
पावटा चालेल, थोडा गोडसर लागतो आणि दाणा मोठा. आमच्या कडव्या वालाला जो किंचित कडूपणा असतो तो मिळणार नाही. पापडी म्हणून जी रुंद मऊ शेंग येते, उंधियुवाली, ती नका घेऊ, तिचा लगदा होतो. 12 जणांना मुख्य जेवण म्हणून दोन मडक्यांत मिळून चारेक किलो शेंगा, दीड किलो चिकन, बाकी कंद असं धरा. पोट भरतं का विचारलंत, तर भरतं पण हळूहळू भरतं, एकेक शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात आणि साल बाहेर, तासभर गप्पा मारत चालतं. ताट वाढून उठायचं जेवण नाही हे. म्हणून सोबत तांदळाची भाकरी आणि एखादी झणझणीत चटणी ठेवा आणि पोरांसाठी साधा वरणभात लावून ठेवा, शेंगा सोलायचा पेशन्स त्यांना नसतो.

वापीकर
आमच्याकडे वलसाड साईडला हायवेच्या कडेला उंबाडियुं मिळतं हिवाळ्यात, सेम टू सेम प्रकार, मडकं उपडं, पाला, शेंगा, कंद, वर ताक प्यायला देतात. त्यांच्यात चिकन-अंडी काही नाही, बटाटा-रताळ्याला हिरवा लसूण आणि हिरव्या मिरचीचं वाटण भरतात. तुमच्या शाकाहारी मडक्यासाठी ही आयडिया ढापायला हरकत नाही. हिरवी चटणी तर हवीच.

सात_समुद्र
मी न्यूजर्सीहून. इथे डिसेंबरात अंगणात जाळ वगैरे विसरा, त्यामुळे थँक्सगिव्हिंगला मित्रमंडळी आली की टर्की न करता ओव्हनमधली पोपटी करते. जड बिडाचं झाकणाचं भांडं, आत फ्रोजन केळीची पानं, इंडियन स्टोअरच्या फ्रोजन शेंगा. शेंगा पूर्ण वितळवून फडक्यावर पसरून कोरड्या केल्या नाहीत तर त्यांचंच इतकं पाणी सुटतं की रस्सा होतो. 200 डिग्री सेल्सिअसला तासाभराच्या आसपास. चिकनमध्ये थर्मामीटर टोचून 74 डिग्री झालंय का बघते, हे तुम्ही शेतावरही करा, अंधारात टॉर्च मारून चिकन शिजलंय की गुलाबी आहे काही कळत नाही. चिकनचे तुकडे छोटे करा, अख्खी कोंबडी घालायच्या भानगडीत पडू नका पहिल्यांदाच.

अमेरिकन शेजारी पण आवडीने खातात, फक्त पहिल्यांदा सालासकट चावतात, त्यांना आधी दाखवावं लागतं.

फुकटचा_सल्लागार
कुकरमध्ये शिट्टी न लावता पण होते की. एवढा जाळपोळीचा खटाटोप कशाला.

रातराणी७
@फुकटचा_सल्लागार होते, आणि कुकरमधल्या शेंगांसारखी लागते.

रानोमाळ
एक महत्त्वाचं राहिलं. डिसेंबरअखेर मुळशीकडचं गवत पार वाळलेलं असतं आणि संध्याकाळी वारा सुटतो. पेंढा पेटला की ठिणग्या लांब उडतात. दहा-बारा फुटांची जागा मातीपर्यंत साफ करून घ्या, गवत खरवडून, आणि दोन बादल्या पाणी हाताशी. गाड्या वाऱ्याच्या दिशेला लावू नका. आणि अंधार पडायच्या आत पेटवा. लोक दहाला पेटवायला घेतात, तोवर निम्म्यांचे दोन पेग झालेले असतात आणि मग मडकं उचलायला तेच पुढे येतात. साडेसहाला पेटवलंत की साडेसातला गरमागरम खाऊन होतं आणि पोरंही जागी असतात. दुसरं मडकं तासाभराने पेटवा म्हणजे रात्री परत गरम मिळेल.

तळ्यात_मळ्यात
+1. शाकाहारी मडकं आधी पेटवा हं. नाहीतर ते लोक बिचारे तोंडाकडे बघत बसतात. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर सोबत कच्चा ठेवा, भारी लागतो.

बांधावरचा_पेणकर
पांढरा कांदा डिसेंबरात कुठून आणणार ताई, तो फेब्रुवारीत निघायला लागतो. तेव्हा माळा लावून विकतात सगळीकडे. त्याच्या आधी पांढरा म्हणून जो गळ्यात मारतात तो कुठला असतो देव जाणे. साधा कांदा लिंबू पिळून घ्या.

घाटावरची
ठरलं मग. शेतावरच्या काकांना फोन केला, ते म्हणाले भांबुर्डा आहे ना, ओढ्याकडे वाट्टेल तेवढा, तुम्ही शहरातली माणसं त्याचं काय करणार :D ते स्वतः काढून ठेवणारेत. शनिवारी जाऊन शेंगा पण बघून येते. नाहीच भरलेल्या निघाल्या तर पावटा मंडईतून. शाकाहारी मडक्यात वापीकरांचं हिरव्या लसणाचं वाटण, दुसऱ्यात चिकनचे छोटे तुकडे आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि लिंबू लावून, अंडी तोंडाकडे. तांदळाच्या भाकरी गावातल्या एक ताई करून देणारेत. नागपूरकरणीला सांगितलंय तुझा सावजी रस्सा तू घेऊन ये, बॅकअप पण झाला आणि तिचं तोंडही बंद.

एकच शंका, अंडी कच्चीच ठेवायची ना सालासकट? फुटत नाहीत का?

बांधावरचा_पेणकर
कच्चीच. फ्रिजमधून काढून लगेच घालू नका, दोन तास बाहेर ठेवा, आणि भोवती पाला ठेवा म्हणजे मडक्याला टेकत नाहीत. एखादं तडकतं, तडकू दे, तेच सगळ्यात चविष्ट लागतं, त्याच्यात पाल्याचा वास उतरतो. ते करणाऱ्याने आधी उचलायचं.