लघवीची 'चावी'

खानापूरकर: सासऱ्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून लघवीवर ताबा नाही. पुण्यात डॉक्टरांना म्हणाले, "लघवी गळालीय." डॉक्टर विचारतात, "कधी? एकदाच?" आपल्या बेळगावकडं 'पाऊस पडालाय' म्हणजे पडतोय, तसंच हे. शेवटी मी मध्ये पडून 'सारखी गळते' असं सांगितलं. आता त्यावर बसवायच्या यंत्राच्या माहितीपत्रकात 'कृत्रिम मूत्र-संवरणी' असं छापलंय. ही संवरणी काय भानगड?

निपाणीकर: जुना शब्द आहे. सुश्रुताने गुदाच्या तीन वळ्या सांगितल्यात: प्रवाहणी, विसर्जनी, संवरणी. सं + वृ, म्हणजे झाकणं, मिटणं. स्फिंक्टरला, म्हणजे वाट आवळून धरणाऱ्या स्नायूच्या कड्याला, तोच शब्द लावलाय. काहीजण 'झडप' म्हणतात, मला ते पटत नाही. झडप एका अंगानं लागते, स्फिंक्टर चारी बाजूंनी आवळतो. बटव्याची नाडी आठवा.

शहापूरकर: आमच्या ओळखीतल्या एकानं बसवून घेतलीय, तो सरळ 'चावी' म्हणतो. पुण्याच्या भाच्याला वाटलं, कुलपाचं काहीतरी! आपली चावी म्हणजे नळ. मूत्रनळीभोवती सिलिकॉनची पट्टी, पोटात फुगा, अंडकोशात बोटभर पंप, तिन्हींत सलाईन भरलेलं. पट्टी फुगलेली असली की नळी मिटलेली. लघवीला जायचं तेव्हा कातडीवरूनच पंप चिमटीत धरून थोड्या वेळा दाबायचा. पट्टीतलं पाणी फुग्यात जातं, वाट मोकळी. दोन-तीन मिनिटांत ते आपसूक परततं आणि चावी बंद. (आमच्या घरातल्यांनी यातून शिकावं.) सध्या जास्त चालतं ते 'एएमएस ८००' नावाचं यंत्र, १९८३ पासूनचं.

खानापूरकर: मग घरी आल्या आल्या गळायचं थांबणार?

शहापूरकर: नाही. जखम भरेपर्यंत साधारण सहा आठवडे पट्टी रिकामीच ठेवतात. तोवर गळालीयच. मग डॉक्टर चावी 'चालू' करतात.

निपाणीकर: बघा, इथं तुमची चावी फसली. नळाची चालू केली की पाणी येतं, ही चालू केली की थांबतं.

शहापूरकर: मान्य. पण एक लक्षात ठेवा. पुढं कधी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायची वेळ आली, तर पट्टी आधी रिकामी करून तशीच रिकामी ठेवावी लागते. मिटलेल्या पट्टीतून नळी रेटली तर मूत्रनळीला इजा होते. सासऱ्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवा.

खानापूरकर: 'चावी बसवली आहे' असं लिहू?

निपाणीकर: छे! हुबळीला कुणी वाचलं तर किल्ली शोधत बसतील. 'कृत्रिम स्फिंक्टर' लिहा, कन्नडमध्ये आणि इंग्रजीतही.