पावसाळ्यानंतर सायकलींची चेन, ब्रेक आणि हवा

ए-१०३: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांच्या सायकली पावसाळाभर तशाच उभ्या आहेत. आमच्याकडच्या सायकलची चेन पार तांबूस झालीये, पायडल मारलं की करकर वाजते. दसऱ्याच्या आत नीट करायचीये. घरी जमेल की दुकानात न्यावी?

सी-२०१: ताई, खोबरेल सोडा चेनवर. आवाज बंद होतो, करून बघितलंय.

बी-४०२: खोबरेल नको हो. चिकट होतं, धूळ धरतं आणि थंडीत थिजतं. गंजलेल्या, मळलेल्या चेनवर कुठलंही तेल ओतलं तरी आतली माती आतच राहते आणि पॉलिश पेपरसारखी चेन घासत बसते. आधी चेन साफ, मग तेल. हे सगळं घरी होतं, ताई.

ए-१०३: काका, जरा नीट सांगा ना. आमच्याकडे कोणालाच यातलं कळत नाही.

बी-४०२: सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवा. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून कड्याकड्यांमध्ये घासा. रॉकेल मिळालं नाही तर थोडं डिझेल चालेल. हे काम मोकळ्या हवेत करा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. मग फडक्यात चेन धरून पायडल मागे फिरवा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. आता प्रत्येक रोळीवर, म्हणजे कड्यांमधल्या छोट्या फिरत्या नळीवर, तेलाचा एकच थेंब. पायडल पुन्हा मागे फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. लोक हे पुसणंच विसरतात. तेल हवं ते पिन आणि रोळीच्या मध्ये, बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. आणि हो, पायडल फिरत असताना मुलांची बोटं चेनजवळ अजिबात नकोत.

डी-३०४: काका, घरात डब्ल्यूडी-४० चा गंज सोडवायचा स्प्रे आहे, तोच मारला तर?

बी-४०२: गंज सोडवायला मारा, पण तेवढ्यावर भागवू नका. पातळ असतो, टिकत नाही. पुसून मग तेल द्याच. शिलाई मशीनचं तेल चालतं, फक्त लवकर उडतं म्हणून वारंवार द्यावं लागतं. सायकलच्या दुकानातलं चेनचं तेल जास्त टिकतं. यातलं काहीही रिमवर, ब्रेकच्या रबरावर किंवा डिस्क ब्रेकच्या चकतीवर उडता कामा नये.

डी-३०४: चेन बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

बी-४०२: पट्टी लावा. एका पिनच्या मध्यापासून मोजलं की नव्या चेनची बरोबर १२ इंचांवर पिन येते. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढली असेल तर चेन बदला. पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दातेही झिजलेले असतात, मग दोन्हींचा खर्च.

ए-००२: अरे, माझ्या जुन्या लेडीज सायकलची हवा रात्रीतून जाते. पंक्चरवाला म्हणतो ट्यूब चांगली आहे.

बी-४०२: आजी, व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून बघा. बुडबुडा आला तर वालट्यूब कुजलीये. आतल्या खिळीवरची ती बारीक रबरी नळी असते ना, ती. अगदी स्वस्तात मिळते. जुनी ओढून काढायची, नवी ओली करून चढवायची. मी येऊन करून देतो.

ए-००२: ये बाबा. चहा टाकते.

सी-२०१: आमच्या मुलाचा ब्रेक पार हँडलला टेकतो. चालतंय का?

बी-४०२: नाही, अजिबात नाही! बेसमेंटच्या उतारावरून मुलं सुसाट येतात, खाली गाड्या वळत असतात. आज संध्याकाळपासून ती सायकल खाली सोडू नका. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर रबर बदला. खाचा असतील तर लिव्हरपाशी केबलवरचा गोल नट थोडा बाहेर फिरवा, केबल ताणली जाते. दाबल्यावर रबर रिमलाच लागायला हवं. टायरला घासत असेल तर टायर कापला जातो. चेन करकरली तरी मूल घरी येतं, पण ब्रेकचं तसं नाही.

सी-२०१: बरोबर आहे काका. आत्ताच वर आणून ठेवते.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी ९ वाजता बी विंगच्या मागे जमू या, पाण्याचा नळही आहे. खाली पुठ्ठे अंथरा, फरशीवर तेल नको. वापरलेलं डिझेल गटारात ओतू नका, बाटलीत भरून ठेवा.

बी-४०२: पाना, पेचकस, पंप माझ्याकडे आहेत. फडकी मात्र घरून आणा, भरपूर लागतात. वॉचमन मामा, तुमचीही सायकल घेऊन या.