गावचा कचरा: निर्णय पंचायतीचा की गावाचा?

पाणंद:
खेड्यात ओल्या कचऱ्याचं फारसं अडत नाही, गोठा आणि उकिरडा आहेच. अडतं ते वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या आणि डायपरपाशी. भंगारवाला बाटल्या नेतो, या गोष्टींना हात लावत नाही. मग ओढ्याकाठी ढीग पेटतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींचा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा, ठेवला, त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी. त्यातून घंटागाड्या आल्या, शेड उभ्या राहिल्या. पण शेड कुठे हवी, गाडी किती वाजता फिरावी, हे कचरा वेगळा करणाऱ्या बचतगटाच्या बायकांना कुणी विचारलं? पंचायत, बचतगट आणि वाड्यावस्त्यांची माणसं मिळून समिती करा आणि या पैशाचा निर्णय तिला घेऊ द्या.

घरपट्टी:
अजिबात पटलं नाही. दहा जणांची समिती म्हणजे जाब द्यायला कुणीच नाही. कर पंचायत घेते, मतं मागायला सरपंच येतो, तर कचऱ्याचं त्यालाच विचारा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या काळात कर भरणाऱ्याला दळण मोफत मिळू लागलं. ते पंचायतीने करून दाखवलं.

बांधावरून:
पाटोदा एखादंच असतं. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आमच्याकडे तपासणी पथक यायच्या आधी रस्ते लख्ख व्हायचे, पथक गेलं की पहिले पाढे पंचावन्न. सगळं सरपंचाच्या उत्साहावर. तो बदलला की संपलं.

बचतगटवाली:
समितीत घेता आणि राबवून घेता फुकट! वापरलेले पॅड, डायपर हाताने वेगळे करतो आम्ही, हातमोजेसुद्धा मागून घ्यावे लागतात. मानधन चार-चार महिने थकतं. केरळात हरित कर्म सेनेच्या बायका घरोघरी जाऊन सुका कचरा घेतात आणि घरटी शुल्कही घेतात. आधी तसं ठरवा, मग सहभागाचं बोला.

घरपट्टी:
शुल्क हवंच, ताई. पण जे घर देणार नाही त्याच्यावर कारवाई कोण करणार? तुम्ही दारात भांडायचं का? तिथे पंचायतच लागते.

पाणंद:
कारवाई पंचायतीचीच, मान्य. पण प्लास्टिक किती किलो विकलं, पैसे किती आले, मानधन कधी दिलं, हे दर महिन्याला चावडीच्या फळ्यावर लागलं पाहिजे आणि त्यावर गटाच्या दोघींची सही हवी. सही नसेल तर पुढचं बिल निघू नये. पुढच्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडतोय.

बचतगटवाली:
हातमोज्यांचाही त्यात घाला.