सुकतानाच बघायचं असेल तर स्कॅटरिंगच

लॅटेक्स, म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिमरचे बारीक कण, सुकताना कसं बघायचं हा या धाग्याचा प्रश्न. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप पुरेल, हे वर कुणीतरी दिलेलं मत मला पटत नाही. साध्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या निर्वातात पाणी लगेच उडतं. हाती येतो तो सुकलेला थर, सुकणं नाही.

क्ष-किरणांच्या लघुकोन स्कॅटरिंगमध्ये (थरातून जाताना किरण अगदी छोट्या कोनांत कसे विखुरतात ते मोजतात) ओला थर आहे तसा ठेवता येतो. 150 नॅनोमीटरचे कण नीट रचलेले असतील, तर थराचं 50 टक्के घनफळ कणांनी व्यापलेलं असताना त्यांच्या केंद्रांतलं अंतर साधारण 170 नॅनोमीटर भरतं. 74 टक्क्यांना ते एकमेकांना टेकतात. अंतर घटतं तसं विखुरलेल्या किरणांच्या तीव्रतेचं शिखर मोठ्या कोनाकडे सरकतं. खरी मजा पुढे आहे! अंतर कणाच्या व्यासापेक्षाही कमी झालं की समजायचं, गोल कण चेपून बहुपृष्ठी व्हायला लागले. कण कडक असतील तर ते चेपत नाहीत, थराला भेगा पडतात.

मात्र हे कोन एक-दशांश अंशाहूनही लहान असतात, त्यामुळे डिटेक्टर थरापासून बराच दूर ठेवावा लागतो. आणि कडा आधी सुकतात, म्हणून थराच्या मध्यावरचं मोजमाप कडेला लावू नका.

आमच्या रबाळ्याच्या लॅबमध्ये पावसाळ्यात तोच थर सुकायला किती रेंगाळतो ते रोज दिसतं, म्हणून आर्द्रता नोंदवाच.

शेजारच्या कणांतल्या पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत मिसळल्या का, हे बघायला काही कण ड्युटेरियमयुक्त (ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन, न्यूट्रॉनना तो साध्या हायड्रोजनपेक्षा वेगळा दिसतो) करून क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन वापरतात. त्याची सोय खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, ध्रुव अणुभट्टीवर आहे. ऐरोलीच्या ज्या विद्यार्थिनीने हा धागा काढला, तिने गाइडकडे हा विषय जरूर काढावा.