विषय: सून पुण्याला राहायला चालली आहे

प्रेषक: माई, स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

धाकट्याची बदली चाकणला झाली आहे, निदान दोन-तीन वर्षांसाठी. सून इथली नोकरी सोडून बरोबर जाते आहे. पुढच्या महिनाअखेरीस निघतील. बाणेर-बालेवाडीकडे घर बघणं चालू आहे. सून जर्मन, अस्सल इथलीच. पुण्याला लग्नकार्यापुरती जाऊन आली आहे, पण तेव्हा ती पाहुणी होती. नेसवली तशी नेसली, वाढलं ते जेवली. आता घर चालवायचंय.

तिने माझ्याकडे यादी मागितली आहे. मी पुणं सोडलं तेव्हा रॉकेलला रांगा होत्या. माझी माहिती तिच्या काय कामाची? कागदपत्रं, कामाच्या बायका, सोसायटी, सणवार, जे सुचेल ते लिहा. तिला मराठी वाचता येत नाही, मीच सांगणार आहे, तेव्हा हातचं न राखता लिहा.

माई

प्रेषक: काका, म्युनिक

माई,

आधी कागद. बाकीचं शेजारीपाजारी न विचारता शिकवतात.

चिरंजीवांचा पासपोर्ट जर्मन, म्हणजे ओसीआय कार्ड (भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना भारतात राहू देणारं) असेलच. (आपल्या मंडळाच्या या मेल-यादीवरच्या तरुण मंडळींसाठी जाता जाता: जर्मनीने 27 जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, म्हणून भारताचा पासपोर्टही ठेवता येतो असं नाही. भारताला ते मान्य नाही. तो परत करावाच लागतो.) सुनेलाही ओसीआय मिळतं, पण लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं उलटलेली हवीत. अर्ज म्युनिकच्या वकिलातीकडे, स्टुटगार्ट तिच्याच कक्षेत येतं. चौकशीला वेळ लागतो, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत कार्ड हातात पडेल या भरवशावर राहू नका.

तोवर एंट्री व्हिसावर जाता येतं. त्यावर पगाराची नोकरी करता येत नाही, हे तिला आत्ताच सांगा. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर पोचल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची. ती ऑनलाइन होते. ओसीआयवाल्यांना ही भानगड नाही. ते मत देऊ शकत नाहीत आणि शेतजमीन घेऊ शकत नाहीत. सिंहगडाच्या पायथ्याशी आमराई घ्यायची कुणाच्या मनात असेल तर ती तिथेच राहू दे.

घराचा करार 11 महिन्यांचा असतो. त्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि ती मालकाची जबाबदारी आहे. घरबसल्या नोंदणी आधार कार्डावर चालते. तुमच्या दोघांकडे आधार नाही, म्हणजे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन अंगठे द्या. आधार मागाहून काढता येतं, पण आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. शिवाय परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. फॉर्म सी म्हणतात त्याला. निम्म्या मालकांना हे ठाऊक नसतं, आणि ज्यांना असतं ते ‘होईल हो’ म्हणतात. तुम्ही मागे लागा.

परदेशी पासपोर्टवर घेतलेलं सिम व्हिसाच्या मुदतीइतकंच चालतं. एक दिवस बँकेचे ओटीपी यायचे बंद होतात आणि माणूस घरभर फोन वर धरून रेंज शोधत बसतो.

काका

प्रेषक: औंधहून (मूळ हाइलब्रॉन)

माई, नमस्कार.

काकांनी कागद सांगितले, मी दाराच्या आतलं लिहिते. माझा जन्म हाइलब्रॉनचा, पासपोर्ट जर्मन, संसार औंधला. कागदोपत्री मी, तुमचा मुलगा आणि तुमची सून, तिघंही सारखेच परदेशी. प्रत्यक्षात मात्र परदेशी एकटी तीच ठरणार आहे, आणि त्याचा जाच तिच्यापेक्षा तुमच्या मुलाला जास्त होईल. कसा ते सांगते.

वेरूळला भारतीयाचं तिकीट 40 रुपये, परदेशी माणसाचं 600. ओसीआयवाल्यांना भारतीय दर. मी 40 रुपये पुढे करते, तिकीट घेते, आत जाते, कुणी काही विचारत नाही. माझी एक मैत्रीण मूळची ब्रेमेनची, गोरी, ओसीआय, माझ्यापेक्षा बरं मराठी बोलते. तिला पर्समधून कार्ड काढावं लागतं, खिडकीतला माणूस ते उलटसुलट बघतो, आतल्याला दाखवतो, आणि मागची रांग एकमुखाने तिला सांगते, ‘मॅडम, फॉरेनर काउंटर उधर है.’

आता घरातलं बघा. सत्यनारायणाला तिने प्रसाद डाव्या हातात घेतला तर सगळ्या बायका हसून म्हणतात, अगं किती गोड, शिकेल हळूहळू. मी घेतला तर ‘आईने शिकवलं नाही वाटतं?’ म्हणजे थेट हाइलब्रॉनला माझ्या आईचा उद्धार. तिला साडी सावरता आली की टाळ्या, मला नाही आली की नापास. तुमच्या मुलाचंही हेच होणार. बायकोने चार शब्द मराठी बोलले की सोसायटीभर कौतुक, आणि हा वाक्यात एक जर्मन शब्द बोलला की साहेब झाला.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की सुनेने या कौतुकावर फार दिवस काढू नयेत. कौतुक चालू आहे तोवर ती पाहुणी आहे. तिला सोसायटीचं काहीतरी काम द्यायला सांगा. ब्रेमेनवाली कचऱ्यात शिरली. पुण्यात ओला, सुका आणि सॅनिटरी कचरा वेगळा द्यायचा असतो, बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका दारावर येऊन नेतात. आमच्याकडचे सुशिक्षित लोक डायपरची पिशवी बिनदिक्कत ओल्यात टाकतात आणि त्या बाईला ती हाताने वेगळी काढावी लागते. हिने दोन मजले धरले आणि दारोदार जाऊन लोकांना डबे दाखवायला लावले. लोक वैतागले. एका काकांनी तिला तोंडावर सांगितलं की तुमचा देश तुमच्याकडे. तेव्हापासून तिला कुणी ‘किती गोड’ म्हणत नाही, वर्गणीचं पावतीपुस्तक मात्र पहिलं तिच्या दारात येतं. श्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टकडच्या मुलीला तर जिना झाडायच्या पाळीचं बाळकडूच मिळालेलं असतं, तुमची सून याहून पुढे जाईल.

कामाच्या बायका. ‘माझं घर मीच आवरीन’ असं ती म्हणणार, सगळ्याच म्हणतात. आवरू दे. पण धूळ रोज येते आणि बाणेरला बांधकामं रोज चालू असतात, पावसाळ्यापर्यंत मावशी शोधायला लागेल. केरफरशी, भांडी, पोळ्या असे वेगवेगळे दर असतात आणि पोळ्यांचा दर माणसांवर ठरतो. महिन्याच्या सुट्ट्या आधी ठरवून घ्यायच्या, दिवाळीला एका महिन्याचा पगार वर द्यायचा. ब्रेमेनवालीने सद्भावनेने चालू दराच्या दुप्पट पगार दिला. आठवड्याभरात समोरच्या फ्लॅटच्या मावशींनी तेवढाच मागितला आणि समोरची बाई हिच्याशी बोलायची बंद झाली. माझं मत विचाराल तर त्यात चूक समोरचीची. पण राहायचं असेल तर आधी तीन घरी दर विचारावा, त्याहून थोडा जास्त द्यावा, आणि दर वर्षी न मागता वाढवावा. दारात ताटकळत पगारवाढ मागणाऱ्या मावशी बघणं फार वाईट.

आणि बऱ्याच घरांत मावशींचा कप वेगळा असतो, खिडकीत नाहीतर सिंकखाली उपडा ठेवलेला. सुनेला तो दिसेल आणि ती विचारेल. ते समजावून सांगण्याची जबाबदारी तुमची, माई. मी आमच्याकडे सगळे कप एकाच फळीवर ठेवते, एवढंच मला सांगता येईल.

दार. सकाळी सात ते अकरा बेल वाजत राहते. कचरा, पेपरचं बिल, कुरिअर, वॉचमन, गॅसच्या मीटरचा फोटो काढणारा. इस्त्रीवाला चादरीत कपडे बांधून आणतो, दारातच गाठ सोडतो आणि मोजतो, मोजताना सगळा जिना तुमचे परकर-शर्ट बघतो. अकरानंतर शेजारीण ‘काय करतेस गं’ म्हणत येते आणि चहा होईपर्यंत पगार, भाडं आणि मूलबाळ हे तिन्ही विषय होऊन जातात. फोन न करता कुणी दारात येणं म्हणजे सुनेच्या दृष्टीने आगच लागली असणार. तिने उलट प्रश्न विचारावेत, तुमचं भाडं किती, तुमच्या मुलाचं लग्न का जमत नाही. मग जरा समतोल होतो.

पाणी: शहरात बऱ्याचदा गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असतं, शुक्रवारी सकाळी गढूळ येतं. पिण्यासाठी फिल्टर घ्याच. केमिस्ट पट्टीतून कापून चार गोळ्यासुद्धा देतो, पण मग एक्स्पायरीची तारीख पट्टीच्या दुसऱ्या तुकड्यावर राहते, ती बघून घ्यायची. भटकी कुत्री फार, रेबीजची लस निघण्याआधी तिकडेच टोचून घ्या.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची आमंत्रणं येतील. जावं. वाण म्हणून प्लॅस्टिकचे इतके डबे जमतील की जर्मन मनाला यातना होतील. उखाणा घ्यावाच लागतो, आणि नवऱ्याला दिवसभर नावाने हाक मारतेच तर आत्ता नाव घेण्यात एवढं काय, असा प्रश्न तिला पडणारच. एक पाठवून ठेवते:

नेकारकाठी माहेर माझं, मुळेकाठी घर,
अमुकरावांचं नाव घेते, वाण द्या लवकर.

मात्र विधवा आणि घटस्फोटित बायकांना अजून पुष्कळ घरी बोलावत नाहीत. आमच्या इमारतीत दोघी-तिघींनी सरसकट सगळ्यांना बोलवायला सुरुवात केली आहे. ती स्वतः करील तेव्हा कुणाला बोलवायचं हे तिचं तिने ठरवावं, सासूने फोनवरून यादी देऊ नये. (हे तुम्हाला उद्देशून आहे, रागावू नका.)

प्रेषक: कार्ल्सरूह (मूळ सांगली)

कागद, कप, कचरा सगळं आलं, भाषा राहिली. बाणेरला तिचं इंग्रजीवर भागेल आणि तोच धोका आहे. मराठीत बोलायला जावं तर समोरचा मराठी माणूस हिंदीत उत्तर देतो, समोर गोरा चेहरा असला तर इंग्रजीत. तिला मंडईत धाडा, भाजीवाल्या मावशी भाषा बदलत नाहीत, भावही नाही. परदेशी माणसांना मराठी शिकवण्याचं काम आपल्याकडे फार जुनं आणि चांगलं आहे. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकन, त्यांनी यासाठी पाठ्यपुस्तकं तयार केली. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्गही चालतात.

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असेल. समाजशास्त्राच्या अभ्यासक गेल ऑम्वेट मूळच्या अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या, सून झाल्या कासेगावच्या पाटणकरांची. सासूबाई इंदुताई स्वातंत्र्यसैनिक. गेलबाईंनी 1983 मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं, चळवळीत राहिल्या, 2021 मध्ये कासेगावातच गेल्या. अर्थात सगळ्यांनी एवढं करावं असं नाही. आमच्या मातोश्रींना जर्मन जावयाने नुसती भाकरी मोडून खाल्ली तरी पुरतं.

प्रेषक: माई, स्टुटगार्ट

सर्वांचे आभार. काल रात्री सुनेला सगळं वाचून दाखवलं, काकांचं पत्र तिने दोनदा वाचायला लावलं. लस टोचून घेतेय, उखाणा फ्रिजवर लावलाय. ‘नेकार’ ऐकून खूश, ‘अमुकराव’ म्हणजे कोण हे सांगताना माझी पुरेवाट झाली. यादीबद्दलची कानउघाडणी मुद्दाम गाळणार होते, पण मुलाने मागून वाचली आणि तेवढीच मोठ्याने भाषांतर करून सांगितली.

तिचा एकच प्रश्न आहे. मावशींच्या सुट्ट्यांचा लेखी करार करावा का, आणि त्यावर दोघींच्या सह्या घ्याव्यात का?

प्रेषक: औंधहून (मूळ हाइलब्रॉन)

करार नको, मावशी दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. स्वयंपाकघरात कालनिर्णय लावायला सांगा. त्यावर दुधाच्या पिशव्या आणि खाडे मांडायचे, खाड्याची फुली मावशींच्याच हातून मारून घ्यायची. महिनाअखेरीला वाद होत नाही.

प्रेषक: मंडळाचे ग्रंथालय

कालनिर्णयच्या काही प्रती आपल्याकडे शिल्लक आहेत. माईंनी शनिवारी दुपारी येऊन न्याव्यात. सोबत मागच्या वर्षी नेलेले दिवाळी अंकही आणावेत.